पाण्याचा फर्मा

खाट घडीची घेतली, कारण मुक्काम चार दिवसांचा होता. भावाला मुलगी झाली, भावजयीच्या माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ताईंनी बायकांच्या वसतिगृहातली आपली खोली सोडली आणि बाळंतिणीच्या मदतीला आल्या. ती मुलगी आता बारावीला होती. मधल्या काळात खाटेचं कापड दोनदा बदललं, एका पायाचा स्क्रू तीनदा. खाट मात्र अजून घडीचीच होती आणि मुक्काम अजून चार दिवसांचाच.

खाटेची जागा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात. घरात त्याला पॅसेज म्हणत. ताई मनातल्या मनात बोळच म्हणायच्या. उशाशी फ्रिज, पायाशी न्हाणीघराचं दार, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला वीतभर वाट. त्या वाटेने घरातली माणसं आडवी होऊन जात. भाऊ पोट आत घेऊन, भावजय कपड्यांची बादली डोक्याच्या उंचीला धरून, भाची पुस्तकातून मान न काढता. ‘आमच्या घरात सगळे खेकडे,’ असं भाची मैत्रिणींना सांगायची.

न्हाणीघराचं दार बाहेर उघडायचं आणि खाटेच्या पायावर आपटायचं. त्यामुळे पहिला माणूस आंघोळीला उठायच्या आत खाट मिटलेली हवी. पहिला माणूस, म्हणजे भाऊ, साडेपाचला उठायचा. म्हणून ताई पाचला. मिटलेली खाट ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती, ती तिथेच भिंतीला टेकून दिवसभर उभी राहायची. कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखी.

आता कुणाला वाटेल, भाऊ-भावजय छळत असतील. छे! भाऊ जेवायला बसला की आधी विचारायचा, ‘ताई जेवली का?’ भावजय स्वतःला साडी घेतली तर ताईंना आधी रंग दाखवायची. भाची तर ताईंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. घरातले सगळे चांगले होते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसांच्या घरातून तणतणत निघून जाता येतं. चांगल्या माणसांच्या घरातून निघायचं तर काहीतरी कारण सांगावं लागतं, आणि ताईंजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. नुसतीच इच्छा होती. दर दोन-चार वर्षांनी ती तोंडाशी यायची. मग भावाचं ‘मुलगी शाळेत जायला लागू दे,’ मग ‘हिची नोकरी पक्की होऊ दे,’ मग ‘दहावी होऊ दे.’ ताई म्हणायच्या, ‘बरं.’ तेवढंच.

ताईंचं काम बाइंडिंगचं. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, त्यांच्या घड्या घातल्या की एकेका कागदाचा सोळा पानांचा फर्मा होतो. पुस्तकाचे जितके फर्मे, तितके गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे आणि टेबलाभोवती चालत प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा एक उचलत जायचं. फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक. मग शिलाई, खळ, पुठ्ठा, कटिंग, ते दुसऱ्यांचं. ताईंच्या वाट्याला ती फेरी. सत्तावीस वर्षं त्या एका टेबलाभोवती फिरत होत्या. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापडं बांधतात. ताईंना प्रत्येक फेरीला भिंतीवरचं घड्याळ दिसायचं.

खळ लावणारी त्यांची मैत्रीण, जिला सगळे खळवाली म्हणत, कधीतरी विचारायची, ‘काय गं ताई, आज कुठवर पोचलीस?’

‘निघाले होते तिथेच,’ ताई म्हणायच्या.

ताई चुकत नसत. त्यांचा हातच मोजायचा, डोळ्यांना बघावं लागत नसे. सहा फर्म्यांचं पुस्तक असलं की सहाव्याला हात आपोआप थांबायचा. तरी सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून तीन प्रती नासल्या. हा आकडा त्यांना पाठ होता, कारण कारखान्याच्या मालकीणबाईंचा एक कायदा होता: ज्याची चूक त्याच्या घरी. नासलेली प्रत रद्दीत टाकायची नाही. ज्याने नासवली त्याने ती घरी न्यायची आणि डोळ्यांसमोर ठेवायची. इतर बायका ती प्रत दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याला द्यायच्या. ताई ठेवायच्या, न्हाणीघराच्या दारावरच्या फळीवर. त्यांचं बाकीचं सामानही तिथेच होतं. पहिली प्रत एका रहस्यकथेची, शेवटचा फर्मा नसलेली. तेवीस वर्षं झाली, खून कुणी केला ते ताईंना कळलेलं नव्हतं. बागेतल्या माळ्यावर संशय होता. दुसरी शिवणकामाची, त्यात बाह्यांची सोळा पानं उलटी लागलेली. आणि तिसरी चीगाँगची.

चीगाँग म्हणजे चिनी पद्धतीचा संथ व्यायाम. नऊ वर्षांपूर्वी ते पुस्तक कारखान्यात आलं. सहा फर्मे. पहिल्यात प्रस्तावना, मग एकेका तत्त्वाचा एकेक फर्मा: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. ताई फेरीत पाचव्या गठ्ठ्याशी, म्हणजे धातूशी होत्या. तेवढ्यात घरून फोन आला. भाचीला शाळेत चक्कर आली होती, तिला आणायला कुणी जावं यावर नवरा-बायकोचं चाललं होतं. ताईंनी फोनवरच तोडगा काढला, परत येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. पण उभ्या राहिल्या त्या पुन्हा पाचव्याशीच. हाताने सहा मोजले आणि थांबला. एक लाकूड, एक अग्नी, एक माती, दोन धातू. पाणी नाही.

ती प्रत गिऱ्हाईकाकडून परत आली तोवर पाण्याचे उरलेले कागद संपलेले होते. जास्तीचे फर्मे कारखान्यात वाया घालवत नाहीत, त्यांच्या पट्ट्या कापून दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीत आतून चिकटवतात, पाठ घट्ट व्हावी म्हणून. पाण्याचा अख्खा उरलेला गठ्ठा खळवालीने कुठल्याशा शाळेच्या हजेरीपुस्तकांच्या पाठीत घातला होता.

‘आता ती पोरं काय करणार त्या पाण्याचं?’ ताई म्हणाल्या.

‘भिजणार नाहीत, खळ पक्की आहे,’ खळवाली म्हणाली.

तर अशी ही प्रत घरी आली आणि पहाटे पाच ते साडेपाच या रिकाम्या वेळात, खाट मिटून झाल्यावर, करायला दुसरं काही नाही म्हणून ताईंनी ती उघडली. पुस्तकाचं म्हणणं असं, की शरीरात पाच तत्त्वं, प्रत्येकाचं एक इंद्रिय, आणि प्रत्येक इंद्रियात मनाची एकेक गोष्ट साचते. लाकूड म्हणजे यकृत, तिथे राग. अग्नी म्हणजे हृदय, तिथे उतावळेपणा. माती म्हणजे जठर आणि प्लीहा, तिथे काळजी. धातू म्हणजे फुप्फुसं, तिथे दुःख. प्रत्येकाची एक हालचाल आणि श्वास सोडताना करायचा एक आवाज. यातलं खरं किती आणि खोटं किती हे ताईंना ठरवता येत नव्हतं, आणि त्या ठरवायलाही गेल्या नाहीत. कागदाच्या धुळीने त्यांचा खोकला जुना होता, डॉक्टरांचं औषध चालूच होतं. पण तेवढा अर्धा तास त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, हे मात्र खरं.

यकृताचा आवाज होता ‘श्श्श’. राग बाहेर काढायचा आवाज आणि झोपलेलं घर उठू नये म्हणून करायचा आवाज एकच निघाला, ही मोठीच सोय झाली. हृदयाचा ‘हाऽऽ’, पोटाचा ‘हूऽऽ’. आणि फुप्फुसांचा ‘स्स्स’. त्याची हालचाल पुस्तकात अशी दिली होती: दोन डोंगर दोन बाजूंना ढकलतो आहोत असं समजा. ताईंना समजायची गरजच नव्हती. दोन्ही हात उचलले की कोपरं जेमतेम सुटायची आणि तळवे टेकायचे, एक भिंतीला आणि एक मिटलेल्या खाटेला. दोन्हीकडे जोर लावायचा आणि ‘स्स्स’ करत श्वास सोडायचा. पुस्तकात दोनदा होतं म्हणून त्याही दोनदाच करायच्या. ‘आमच्या धंद्याला फुप्फुसं दोन वेळा लागतातच,’ असं त्यांनी खळवालीला सांगून टाकलं होतं.

‘आत्या, तुझा टायर बसला!’ भाची अंथरुणातून ओरडायची.

‘अगं, गॅस बघा कुणीतरी, गळतोय,’ भाऊ म्हणायचा. रोज तोच विनोद, नऊ वर्षं. ताई रोज हसायच्या.

कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर वृद्धांचं एक केंद्र होतं. काही म्हातारी माणसं तिथे राहत, काही दिवसभर बसायला येत. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या पायऱ्यांवर बसायच्या, कारण तिथे झाडाची सावली होती. एकदा शेजारी एक बोळक्या आजी खोकत बसल्या होत्या. ताईंनी त्यांना सहज ‘स्स्स’ करून दाखवलं. आजींना दात नसल्यामुळे तो आवाज येईना, हवाच यायची. दोघी इतक्या हसल्या की आतून आणखी दोघं काय झालं ते बघायला आली. त्या चौघांचे वर्षभरात चोवीस झाले. दर रविवारी सकाळी मोठ्या हॉलमध्ये ताई पुढे उभ्या राहायच्या आणि चोवीस म्हातारी माणसं त्यांच्यामागे श्श्श, हाऽऽ, हूऽऽ, स्स्स, आणि पुन्हा स्स्स करायची.

घरी त्यांनी सांगितलं होतं की रविवारी कारखान्यात जादा काम असतं. आयुष्यात त्यांनी एवढंच एक खोटं चालवलं होतं, आणि ते चांगलं चाललं होतं.

या केंद्राचा कारभार सिस्टर बघायच्या. चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी चालणं तसंच, वॉर्डात कुणीतरी वाट बघतंय असं. एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी ताईंना थांबवलं.

‘हे बघा, आडवळणाने बोलायला मला येत नाही. मला इथे राहणारी बाई हवी आहे. सकाळी व्यायाम घ्यायचा, दिवसभर यांच्यावर लक्ष ठेवायचं. वरची खोली रिकामी आहे, ती तुमची. एक तारखेपर्यंत सांगा. त्यापुढे मला थांबता येणार नाही, दुसरं कुणी बघावं लागेल.’

एक तारखेला नऊ दिवस होते.

‘घरी विचारते,’ ताई म्हणाल्या.

‘विचारा. पण एक सांगा आधी.’ सिस्टरनी टेबलावर एक पुस्तक ठेवलं. तेच पुस्तक, ताईंच्याच कारखान्यातलं, धड बांधलेलं. ‘वाचनालयातून आणलं मी. पाच आहेत यात. तुम्ही चारच शिकवता, त्यातलं एक दोनदा. पाणी कुठे गेलं?’

ताईंचे कान तापले. मग त्यांनी फेरी, फोन, खळवाली, हजेरीपुस्तकं, सगळं सांगितलं. सिस्टर हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

‘म्हणजे ही सगळी मंडळी वर्षभर दुःख डबल काढतायत? तरीच हल्ली इथे भांडणं कमी झाली!’ मग चष्मा पुन्हा लावून त्यांनी एक पान उघडलं. ‘पण हे कळत नाही मला. हे चित्र बघा. हात खांद्यातून सरळ आहेत. तुमच्या वर्गात सगळ्यांची कोपरं वाकलेली. चोवीसच्या चोवीस. बरगड्यांना बांधल्यासारखी. मला वाटलं होतं म्हाताऱ्यांसाठी तुम्ही मुद्दाम सोपं केलंय.’

ताईंनी चित्र पाहिलं. नऊ वर्षं रोज पाहिलेलं चित्र. त्यातल्या माणसाचे हात पानाच्या दोन कडांपर्यंत सरळ गेले होते. हे त्यांना कधी दिसलं नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण चित्र ते चित्र आणि बोळ तो बोळ, एवढं तर कुणालाही कळतं. हॉलमध्ये मात्र बोळ नव्हता. तिथे छत उंच होतं, खुर्च्या कडेला लावलेल्या होत्या, एका माणसाने दोन्ही हात पसरून गोल फिरावं एवढी जागा प्रत्येकाला होती. आणि त्या जागेत त्यांनी चोवीस माणसांना आपल्या बोळाच्या मापाने उभं केलं होतं.

‘मुद्दाम नाही केलं,’ त्या म्हणाल्या.

सिस्टरनी किल्ली उचलली. ‘चला, खोली बघून घ्या.’

खोलीत काहीच नव्हतं. एक खिडकी, एक कपाटाचा कोनाडा, फरशी. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. ‘करून बघा बरं ते डोंगरांचं. इथे काही आपटायला नाही.’

ताई मधोमध उभ्या राहिल्या. हात उचलले, श्वास सोडत बाहेर ढकलले. हात निघाले आणि थांबले. कोपरं जेमतेम सुटली आणि तळवे हवेतच कशाला तरी टेकल्यासारखे थबकले. ताईंनी पुन्हा जोर लावला. तळवे थरथरले, पुढे गेले नाहीत. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. दोन्ही तळवे सारख्याच अंतरावर थांबले होते, बोळाच्या रुंदीला.

‘राहू दे,’ सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. ‘सवय आहे. सुटेल.’ आणि ते पुस्तक त्यांनी ताईंच्या पिशवीत घातलं. ‘पाण्याचं वाचा. एक तारखेच्या आत.’

ताईंनी ते वाचलं नाही. रोज पिशवी घेऊन कामावर जायच्या, पिशवी घेऊन घरी यायच्या. पुस्तक आत होतं. खळवालीला कुणकुण लागली.

‘जातेयस का?’

‘बघू.’

‘बघू म्हणजे? सत्तावीस वर्षं या टेबलाभोवती बघतच फिरतेयस की. मालकीणबाईंना मी सांगते.’

‘नको. आधी घरी बोलायला हवं.’

‘मग बोल ना! कुणी खाणार आहे का तुला?’

खाणार कुणीच नव्हतं. ताई रोज ठरवायच्या, की आज बोलायचं. पण सोमवारी भावाचं डोकं दुखत होतं. मंगळवारी भावजय ऑफिसातून रडवेली होऊन आली. बुधवारी भाचीची सराव परीक्षा सुरू झाली आणि घरात नळसुद्धा हळू सोडायचा असं ठरलं. शुक्रवारी भाऊ जेवता जेवता म्हणाला, ‘ताई, हिची परीक्षा झाली ना, की आपण तुझ्या खाटेचं बघू काहीतरी. नवी घेऊ. जरा चांगली.’

‘घडीचीच?’ ताईंनी विचारलं.

‘मग? पॅसेजमध्ये दुसरी कशी मावणार?’

‘बरं,’ ताई म्हणाल्या.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, शनिवारी, पहाटे ताईंना पाचच्याही आधी जाग आली. बोळातल्या दिव्याचं बटण न्हाणीघराच्या दाराशी होतं. त्यांनी पायाच्या अंगठ्यानेच ते दाबलं, इतकं ते जवळ होतं. पिशवी उशाशी होती. त्यांनी पुस्तक काढून सहावा फर्मा उघडला. उघडता उघडता जुन्या सवयीने शिलाई तपासली. टाके समान होते.

पाणी, मूत्रपिंड, भीती. त्याखाली लिहिलं होतं: बसा. गुडघे छातीशी घेऊन दोन्ही हातांनी कवटाळा. पाठ गोल करा, मान खाली. पोट आत ओढा आणि दिवा विझवतो तशी लांब फुंकर सोडा.

चित्र होतं. चित्रातला माणूस एवढासा झाला होता, मुटकुळं करून.

ताई ते चित्र बघतच राहिल्या. उघडलेल्या फ्रिजचा गारवा डोक्याला लागू नये आणि कुणी न्हाणीघरात गेलं तर पायाला दार लागू नये म्हणून अठरा वर्षं त्या अशाच निजत होत्या. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांना, पाठ गोल. आत्ताही त्या तशाच होत्या. अख्ख्या पुस्तकात हा एकच व्यायाम असा होता की त्याला हात पसरायला जागा लागत नव्हती. बोळात अगदी नेमका मावणारा. नेमका तोच त्यांच्या प्रतीत नव्हता, आणि न शिकता तोच त्यांना सगळ्यात चांगला येत होता.

‘हे तर मला येतं,’ त्या पुटपुटल्या. मग खालची ओळ पुन्हा वाचली. फुंकर. ती राहिली होती. अठरा वर्षं त्या श्वास आत घेऊन नुसत्या निजल्या होत्या.

त्यांनी गुडघे कवटाळले आणि फुंकर सोडली. फार काही झालं नाही. थोडा खोकला आला. पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी लांब गेली, पार न्हाणीघराच्या दारापर्यंत.

‘आज वेगळा टायर का गं?’ भाची दारात उभी होती. अभ्यासाला उठली होती, केस पिंजारलेले.

‘नवीन आहे,’ ताई म्हणाल्या.

भाची खाटेच्या कडेला बसली. तिथे दोघी बसल्या की गुडघे भिंतीला लागायचे. ती बोटांची नखं बघत म्हणाली, ‘आत्या, मला माहितीये रविवारचं.’

‘काय माहितीये?’

‘जादा काम नसतं ते. मागच्या वर्षी मी शिकवणीहून येताना तुला बघितलं खिडकीतून. तू पुढे उभी होतीस आणि सगळे आजीआजोबा तुझ्यासारखं करत होते. तू काय मोठ्याने बोलत होतीस! मला आधी वाटलं, दुसरीच कुणी बाई आहे.’

‘मग सांगितलं नाहीस कुणाला?’

‘तू सांगितलं नाहीस, मी कशाला सांगू?’ भाची उठली, सवयीने आडवी झाली आणि वीतभर वाटेतून न्हाणीघराकडे गेली. दारापाशी थांबून म्हणाली, ‘खाट घे ना आत्या. दार उघडत नाहीये.’

त्याच दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना ताई बोलल्या. बसून नाही बोलल्या. ओट्याशी उभ्या होत्या, पाठ ओट्याला टेकलेली.

‘मी एक तारखेपासून केंद्रात राहायला जाते आहे. वृद्धांच्या. तिथे काम आहे, खोली आहे.’

भावाचा कप हातातच राहिला. ‘कुठे? का? काय झालं? कुणी काही बोललं का तुला?’ त्याने बायकोकडे पाहिलं.

‘माझ्याकडे काय बघताय? मी काय बोलणार?’ भावजयीचे डोळे लगेच भरले.

‘कुणी काही बोललं नाही,’ ताई म्हणाल्या.

‘मग इथे तुला काय कमी आहे? सांग ना. काय कमी आहे?’

हा प्रश्न ताईंनी अठरा वर्षं मनात पुष्कळदा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे हरल्या होत्या. कारण कमी असं काही नव्हतंच. त्यांनी ओट्यामागे हाताची मूठ वळली. पोट आत ओढलं. सगळ्यांना वाटलं, त्यांना धाप लागली. त्यांनी फक्त एक लांब फुंकर सोडली.

‘जागा,’ त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून बोळ सरळ दिसत होता आणि बोळात खाट, भिंतीला टेकलेली.

‘बरं, जा,’ शेवटी भाऊ म्हणाला. ‘पण निदान हिची परीक्षा तरी होऊ दे. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग मी स्वतः सोडायला येतो.’

ताईंच्या तोंडाशी ‘बरं’ आलं. अगदी ओठांवर आलं. भाची कपात बघत होती.

‘नाही,’ ताई म्हणाल्या. ‘खोली दोन महिने थांबणार नाही. मी मंगळवारी जाते.’

मंगळवारपर्यंत भाऊ त्यांच्याशी धड बोलला नाही. भावजयीने मात्र रागारागाने त्यांच्या सगळ्या साड्यांना इस्त्री केली. मालकीणबाईंनी निरोपाला एक पुस्तक दिलं, कोरं, कोऱ्या कागदांचं, सहा फर्मे, सगळे जागच्या जागी. ‘हे चुकून नाही दिलेलं,’ म्हणाल्या. खळवालीने ताईंच्या हातात जुन्या रहस्यकथेचा एक फर्मा कोंबला. नवी आवृत्ती आली होती, त्यातला शेवटचा. ताईंनी तो रिक्षातच वाचला. माळी नव्हता.

खोलीत पहिल्या दिवशी ताई फरशीवर चटई टाकून बसल्या होत्या, तोच जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला. दारात भाऊ उभा होता. काखेत घडीची खाट.

‘तुझी आहे,’ तो खाली बघत म्हणाला. ‘इथे काय असेल नसेल म्हणून आणली. सवयीची आहे ना तुला.’

ताईंना हसावं की रडावं कळेना. जिच्यापासून पळून आलो तीच जिना चढून मागून आली. पण ती काखेत धरून चार मजले उतरून, एवढी वाट चालून, पुन्हा जिना चढून आलेल्या माणसाला काय बोलणार? त्या उठल्या. दोघांनी मिळून खाट उघडली. तिसऱ्यांदा बदललेला स्क्रू पुन्हा ढिला झाला होता, भावाने तो किल्लीच्या टोकाने घट्ट केला. मग खाट भिंतीकडे ढकलायला वाकला.

‘भिंतीला नको,’ ताई म्हणाल्या. ‘मध्ये राहू दे.’

‘मध्ये?’

‘मध्ये.’

खाट खोलीच्या मधोमध उभी राहिली. चारी बाजूंना मोकळी फरशी. भाऊ थोडा वेळ बसला, पाणी प्याला, खिडकीतून बाहेर बघितलं, ‘हवा येते बरीच,’ म्हणाला. ताईंनी सकाळी हात पसरून पाहिले होते. बोटभर पुढे गेले होते, त्याहून नाही. ते त्यांनी सांगितलं नाही.

‘निघतो,’ म्हणून भाऊ उठला. दाराकडे जायला खाटेला वळसा घालावा लागत होता. बैलगाडी गेली असती एवढी जागा होती. त्याने पोट आत घेतलं, खांदा वळवला आणि आडवा होऊन गेला.

‘अरे, सरळ चाल,’ ताई म्हणाल्या. ‘जागा आहे.’